मदत हवी आहे: नासर्डी नदीच्या घाण पाण्यासाठी घटनेचं कलम २१ वापरता येतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला नासर्डीच्या काठाजवळ राहतो, आता कागदोपत्री नंदिनी म्हणतात पण वास तोच आहे, रात्री खिडकी उघडायची सोय नाही आणि मधूनच पाण्यावर पांढरा फेस येतो. आईला दम्याचा त्रास. दोन ठिकाणी अर्ज दिले, दोघंही म्हणतात हे आमच्याकडे येत नाही.

आता मी वाचलं की घटनेत स्वच्छ पर्यावरणाचा हक्क असा वेगळा लिहिलेलाच नाहीये, पण १९९१ च्या सुभाष कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा कलम २१ च्या जगण्याच्या हक्कातच धरली. पर्यावरण जपण्याबद्दलची कलमं ४८अ आणि ५१अ(ग) १९७६ ला आली, पण त्यातलं एक सरकारसाठी मार्गदर्शक तत्त्व आणि दुसरं आपलंच कर्तव्य, म्हणजे हक्क म्हणून लिहिलेलं कुठेच नाही, गंमतच आहे!

तर कोणी पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाच्या तक्रारी ऐकणारं खास कोर्ट) वकील न लावता स्वतः अर्ज केलाय का? सहा महिन्यांची मुदत असते म्हणतात, मग रोजच्या घाणीला ती कधीपासून मोजायची? की सरळ हायकोर्टात जनहित याचिका बरी? फोटो तारखेसकट आहेत, पाण्याची टेस्ट कुठे करून घ्यावी तेही सांगा प्लीज.