अनुभव धागा : चित्रकलेचा तास – तुमच्या वर्गात नेमकं काय जमतं?

धागा सुरू करते आहे – कलाशिक्षिका, माध्यमिक शाळा

शाळेत गणिताचे, भाषेचे शिक्षक तीन-चार तरी असतात. मधल्या सुट्टीत ते एकमेकांना विचारतात, "हा धडा तू कसा घेतोस?" कलाशिक्षक बहुतेक शाळांत एकटाच. वर्ग हाताबाहेर जावो नाहीतर एखादं चित्र पाहून आपण थक्क होवो, त्याच विषयातलं कुणी शेजारी नसतं. म्हणून हा धागा. फक्त एक विनंती. "मुलांना मोकळीक द्या" एवढ्यावर थांबू नका. काय केलंत, मुलं कोणत्या वयाची होती, साहित्य काय होतं, पुढे काय झालं, ते लिहा. नव्याने रुजू झालेल्यांनी निःसंकोच विचारा.

माझा अनुभव "बाई, मला चित्र येत नाही" या वाक्याचा.

सहा वर्षांचं मूल हे सहसा बोलत नाही. त्याच्याजवळ ठरलेल्या खुणा असतात: खाली जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी, कोपऱ्यात सूर्य, माणूस म्हणजे गोल आणि काड्या. त्या त्याला पुरतात. नऊ-दहाच्या सुमारास मूल आपल्या चित्राची तुलना समोर दिसणाऱ्या वस्तूशी करायला लागतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४०च्या दशकात बालचित्रांचे टप्पे मांडले, त्यातही या वळणाचा वेगळा विचार आहे. नजर पुढे गेलेली असते, हात अजून तिथवर पोचलेला नसतो. म्हणजे "येत नाही" म्हणणाऱ्या मुलाची पाहण्याची ताकद वाढलेली आहे. मी त्याला हे सरळ सांगते. खूप मुलांचा चेहरा तिथेच सैल होतो.

पण या वयाला नुसता धीर देऊन भागत नाही, रीत द्यावी लागते. मी पायातला एक बूट काढून बाकावर ठेवायला सांगते. नजर बुटाच्या कडेवर ठेवायची, कागदाकडे बघायचं नाही, आणि डोळा जितका हळू सरकेल तितकीच हळू पेन्सिल सरकवायची. सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. दुसऱ्या फेरीत कागदाकडे बघायची परवानगी. अकरा वर्षांच्या एका मुलाने अख्खा तास फक्त नाडीच्या भोकांवर घालवला आणि शेवटी म्हणाला, "बाई, सगळ्या भोकांत सावली एकाच बाजूला आहे." छायाप्रकाशाचा धडा त्याने स्वतःच काढला. मी पुढच्या तासाला त्याच भोकांपासून सुरुवात केली.

रेखाचित्र उलटं ठेवून त्यावरून काढायला लावणं हाही चांगला सराव आहे. अमेरिकेतल्या चित्रकला-शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांच्या पुस्तकामुळे १९७९ नंतर तो जगभर पसरला. उलट्या चित्रात नाक, डोळा ओळखू येत नाही, त्यामुळे मूल आठवणीतलं ठोकळेबाज नाक न काढता दिसते ती रेघ काढतं.

प्राथमिक वर्गांची शिक्षिका

धागा फार गरजेचा होता, ताई. मी लहानग्यांबद्दल लिहिते.

"हे काय काढलंस?" हा प्रश्न मी विचारतच नाही. मुलाला ते स्पष्ट दिसत असतं, आपल्याला कळलं नाही म्हणजे आपलं चुकलं असं ते धरून चालतं. "मला सांग ना याच्याबद्दल," म्हटलं की गोष्ट बाहेर येते. एकीच्या कागदावर नुसते काळे फराटे होते. ती म्हणाली, "आत कुत्रा आहे, पण रात्र झाली." आधी कुत्रा काढला होता, मग त्यावर रात्र रंगवली होती. मी नीट पाहिलं तर काळ्याखाली तपकिरी खडू खरंच दिसत होता.

दुसरं, मुलाच्या कागदावर माझी पेन्सिल टेकत नाही. कितीही मागे लागलं तरी नाही. दाखवायचंच असेल तर माझ्या वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवते आणि ती चिठ्ठी खिशात टाकते. आपण एक सुरेख हात काढून दिला की उरलेलं चित्र मुलाला परकं वाटायला लागतं.

आणि "छान!" जरा कमी. त्याऐवजी जे दिसतं ते बोलायचं: "तू सगळी झाडं डावीकडे झुकवलीस, वारा जोराचा दिसतोय." असं ऐकल्यावर मूल पुन्हा चित्राकडे बघतं. "छान" ऐकल्यावर कागद देऊन पळतं.

कलाशिक्षक, मोठे वर्ग, एकच नळ

मी वर्ग चालवण्याबद्दलच लिहितो. व्यवस्था नीट नसेल तर वर लिहिलेल्या सुंदर गोष्टींना वेळच उरत नाही.

पाणी मुलांनी आणायचं नाही, बाकांवर पोचवायचं. रुंद बुडाची भांडी, अर्धीच भरलेली. दोन मुलं पाण्याची, दोन कागदांची, दोन ब्रशांची. दर आठवड्याला जोड्या बदलायच्या. प्रात्यक्षिक पाच-सात मिनिटांत संपवायचं, नाहीतर मागच्या बाकांवर लढाई सुरू होते. आवरायला तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची आणि ती कुणालाही द्यायची नाहीत, चित्र अर्धं राहिलं तरी. अर्धं चित्र पुढच्या तासाला पूर्ण होतं. रंगाने बरबटलेला वर्ग पुढच्या तासाच्या शिक्षकाला मिळाला की ती नाराजी वर्षभर पुरते.

ब्रश पाण्यात उभा ठेवू द्यायचा नाही. केस वाकतात, पत्र्याच्या टोपणातला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. धुऊन, बोटांनी टोक जुळवून, आडवा वाळवायचा. हे पहिल्याच तासाला शिकवलं तर साधे ब्रशही वर्षभर साथ देतात.

मातीकाम असेल तर हात आणि अवजारं आधी बादलीत धुवायची, बेसिनमध्ये नाही. माती खाली बसते आणि नळी तुंबते. वाळलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट. कोळशाची, पेस्टलची भुकटीही फुंकायची नाही, कागद उभा धरून टिचकी मारायची. फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदावर पक्की बसवणाऱ्या द्रावाचा) फवारा शिक्षकाने स्वतः मारायचा, मोकळ्या हवेत, मुलं लांब असताना.

कलाशिक्षिका, रंगांबद्दल

वरच्या सरांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन, विशेषतः शेवटच्या दहा मिनिटांना.

दरवर्षी एक तक्रार येते: "लाल आणि निळा मिसळला, जांभळा आलाच नाही, चिखल झाला." मुलांचं बरोबर असतं. शेंदरीकडे झुकणाऱ्या लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो. त्यात निळा गेला की तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि तपकिरी होतं. किरमिजी लाल आणि अल्ट्रामरीन निळा घेतला की जांभळा खुलतो. तसंच लिंबू पिवळा आणि प्रशियन निळा घेतला की हिरवा झळझळीत येतो. म्हणून बारा-अठरा रंगांच्या पेटीपेक्षा प्रत्येक मूळ रंगाच्या दोन-दोन छटा आणि भरपूर पांढरा, एवढंच मागवते. काळा काही आठवडे कपाटात. सावलीसाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळायला शिकवते. त्यातून येणारा करडा जिवंत असतो. मग एके दिवशी काळा बाहेर काढायचा आणि पिवळ्यात जरासा मिसळायला सांगायचं. शेवाळी हिरवा तयार होतो, निळ्याचा थेंबही नसताना. वर्ग अक्षरशः ओरडतो.

आता जे मला सगळ्या शिक्षकांना कळकळीने सांगायचं आहे ते. वर्गात लाल-हिरवा फरक नीट न कळणारं मूल असू शकतं. हा दोष बहुतांशी आनुवंशिक असतो आणि मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे १, इतरत्र काहीसा कमी. म्हणजे मुलांच्या मोठ्या वर्गात एखादा असण्याची शक्यता खरीच आहे, आणि बरेचदा घरीही माहीत नसतं. एका मुलाने झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती, तीही फार मन लावून. वर्ग हसायच्या आत मी त्याच्या रेषांबद्दल बोलले, नंतर बाजूला घेऊन दोन खडू दाखवले. त्याला ते एकाच रंगाचे वाटत होते. पालकांना बोलावून डोळे तपासायला सुचवलं. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या प्रत्येक बाटलीवर रंगाचं नाव ठळक लिहिलेलं असतं. त्या मुलाची उजेड-अंधाराची समज मात्र इतकी पक्की होती की शाईची चित्रं तो वर्गात सगळ्यांत सरस काढायचा.

कलाशिक्षक, गुण आणि स्पर्धांबद्दल

माझा अनुभव कुणाला पटणार नाही कदाचित, तरी लिहितो. बक्षिसांनी मुलं चित्रांकडे वळतात असं आपण मानतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात सगळ्यांसमोर रंगीत पेनं ठेवली, तर बक्षिसाचं आमिष मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही.

गुण द्यावेच लागतात, ते माझ्या हातात नाही. पण ते कशाचे द्यायचे हे बऱ्याच अंशी माझ्या हातात आहे. प्रत्येक मुलाची एक साधी कागदी फाईल. त्यात कच्ची चित्रंही राहतात, खोडलेलीही. कामाला हात लावण्याआधी फळ्यावर लिहितो, आज काय बघणार आहे: "तीन वेगवेगळे आराखडे केले का," "सावलीची दिशा एक आहे का." मग नैसर्गिक हात नसलेलं मूलही पूर्ण गुण मिळवू शकतं, आणि मिळवतं. सत्राच्या शेवटी मूल स्वतः फाईल चाळतं. पहिला कागद आणि शेवटचा कागद शेजारी ठेवला की मला वेगळं काही बोलावं लागत नाही.

प्रदर्शनात प्रत्येकाचं एक चित्र. ते कुठलं, हे मुलाने ठरवायचं. आणि चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायची.

कलाशिक्षिका, तेरा-चौदा वर्षांची मुलं

या वयाची मुलं मोबाईलवरून कार्टूनची पात्रं उतरवत बसतात. पुष्कळ शिक्षक वह्या काढून घेतात. कृपया घेऊ नका. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेची मुद्राचित्रं (छापलेली चित्रं) रंगात उतरवली, पुढे फ्रेंच चित्रकार मिलेच्या कितीतरी चित्रांवरून स्वतःची चित्रं केली. नक्कल हा शिकण्याचा जुना मार्ग आहे, फक्त तिथे थांबायचं नाही. मी म्हणते, "हेच पात्र मागून काढ. आता जिना चढताना. आता ते दमलंय." तिथे शरीराची प्रमाणं लागतात, आणि मग मूल स्वतः येऊन विचारतं, कोपर कुठे येतं? सहसा कंबरेच्या आसपास येतं. स्वतःचा हात सोडून बघ म्हणायचं, लगेच सापडतं.

शिक्षक नाही, माजी विद्यार्थिनी

चालेल ना इथे लिहिलेलं? मी प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघते. शाळेत माझी चित्रं कधीच भिंतीवर लागली नाहीत. पण आमचे चित्रकलेचे सर एकच पान आठवडाभर काढायला लावायचे, रोज तेच पान. पहिल्या दिवशी सगळं हिरवं होतं. शेवटी शेवटी मला शिरांचे फाटे, किडीने खाल्लेली कड, देठाजवळचा पिवळसरपणा, सगळं वेगळं दिसायला लागलं. पेशीचा आकार जरासा बिघडलेला असला तरी तो मला खटकतो, ती सवय तिथली आहे. सरांना हे माहीत नाही. तुमच्याही अशा किती विद्यार्थिनी असतील, ज्यांचं तुम्हाला कधी कळणार नाही.

नव्याने रुजू झालेला शिक्षक

सगळं वाचून काढलं, काही गोष्टी उतरवूनही घेतल्या. माझा प्रश्न वेगळा आहे. परीक्षा जवळ आली की माझा तास इतर विषयांना दिला जातो. साहित्यही फारसं मिळत नाही. मन खचतं. काय करावं?

धागाकर्ती

सर, आधी हे लक्षात घ्या की तुमचा तास जातो तो तुम्ही कमी पडता म्हणून जात नाही. त्या तासात काय घडतं हे इतरांना दिसत नाही, म्हणून जातो. ते दिसू द्या. भिंतीवर चित्रं लावताना प्रत्येक कामाखाली दोन ओळी लिहा: या चित्रात मुलं काय शिकली. प्रमाण, दूरचं-जवळचं, मिश्रणं, निरीक्षण. विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा आणि आकृत्यांसाठी एक तास एकत्र घेऊ म्हणा. जो सहकारी एकदा तुमच्या वर्गात उभा राहून जातो, तो तुमचा तास मागायला कचरतो.

साहित्य नसेल तर एका रंगात वर्ष काढता येतं. पुठ्ठ्याचे तुकडे कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवा, वर पातळ रंग फिरवा, कागद दाबा, छाप मिळतो. रद्दी वर्तमानपत्रावर कोळशाने काढलेली मोठी चित्रं पांढऱ्या कागदापेक्षा मुलांना जास्त धीट करतात, कारण कागद खराब होण्याची भीतीच नसते. पानांवर कागद ठेवून खडू घासणं, दोरीचे ठसे, मेणाच्या खडूवर पातळ जलरंग. मेण पाणी झटकतं आणि रेघा उजळून निघतात.

आणि तुमची स्वतःची वही सोडू नका. मुलं कामात असतील तेव्हा पाच मिनिटं त्यांच्यातच बसून काढा, त्यांच्यासमोर खोडा, पुन्हा काढा. पुढचा तास मिळाला की बुटापासून सुरुवात करून बघा, कागद-पेन्सिल सोडून काहीच लागत नाही. मुलांनी काय पाहिलं ते इथेच येऊन लिहा, मी वाट बघते.