सत्कारातला खून : रौप्यमहोत्सवी एकांकिकेबद्दल ग्रुपवर झालेली चर्चा

बी-५०३ : नमस्कार मंडळी. काल क्लब हाउसमध्ये एकांकिकेचं वाचन झालं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. नारायणगाव, १९८४. फडातल्या म्हाताऱ्या सोंगाड्याचा सत्कार आहे. ठिकठिकाणचे सोंगाडे आणि गवळणीतल्या मावश्या जमल्या आहेत. फेटा, शाल, नारळ होतो. एक जण घमेल्यात पाणी आणून त्याचे पाय धुतो. चार शब्द बोलायला म्हणून तो माइक धरतो, थरथरतो आणि कोसळतो. समोरचे सगळे पोट धरून हसत राहतात. सूचना कळवा.

सी-२०२ : ताई, वाचन रंगलं, पण स्पष्ट बोलतो. सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून आनंद करायचा, त्यात प्रेत, आणि वर लोक हसतायत? पहिल्या रांगेत माझी आई बसणार आहे. खून ठेवायचाच असेल तर पडद्याआड ठेवा. हसणं काढा.

ए-७०१ : काकांशी सहमत. लहान मुलंही असतील.

बी-५०३ : काका, हसणं काढलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. असं खरंच घडलंय. १५ एप्रिल १९८४ ला लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमधून टीव्हीवर थेट कार्यक्रम चालू होता. विनोदी जादूगार टॉमी कूपरला स्टेजवरच हृदयविकाराचा झटका आला आणि तो पडद्याला टेकून खाली बसला. डोक्यावर लाल फेझ टोपी घालून मुद्दाम फसणारी जादू करायची, हीच त्याची ख्याती. लोकांना वाटलं, हाही त्यातलाच प्रकार. सगळे हसत राहिले. त्याच्याही कितीतरी आधी, १६७३ मध्ये, पॅरिसला नाटककार आणि नट मोलिएर आजारपणाचा भ्रम झालेल्या माणसाचं काम करत होता आणि प्रयोगातच खरा कोसळला. प्रयोग पुरा केला आणि त्याच रात्री गेला.

माझे आजोबा फडात ढोलकीला होते, म्हणून हे मला फार लागतं. जन्मभर पडून दाखवणारा माणूस एक दिवस खरा पडतो आणि त्याला उचलायला कुणीच धावत नाही. खुन्याने नेमकं तेच हेरलंय.

ए-६०३ : वकिलाची एक दुरुस्ती. फौजदार 'कलम १०३' म्हणतो. ते भारतीय न्याय संहितेतलं, १ जुलै २०२४ पासूनचं. १९८४ मध्ये भारतीय दंड विधान होतं, म्हणजे ३०२.

बी-५०३ : बदलते, वकीलसाहेब.

डी-१०४ : मी वीज मंडळात ३५ वर्षं काढली, त्यावरून सांगतो. ओले पाय, खाली माती, माइकच्या लोखंडी दांड्यात करंट, हे पटतं. पण दांडा हातातून गळून पडतो असं लिहिलंय, ते चूक. मूठ आवळली जाते, सुटत नाही. आणि चेला धावत येऊन त्याला धरतो, मग तोही चिकटेल. आधी मेन बंद करायचा असतो. ज्याला करंट आहे हे ठाऊक आहे तो हात लावणार नाही, आपल्या माणसालाही लावू देणार नाही.

ई-४०३ : 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

बी-५०३ : बाळा, मी वाचलं. नववीत आहेस ना? ग्रुपवर नको, मला पर्सनलवर सांग. काका, हे सोनं दिलंत. चेल्याला मागे ओढणारा एक हात आजच लिहिते.

डी-१०४ : आपल्या स्टेजलाही ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. मी स्वतः तपासेन.

बी-५०३ : नक्की. सी-२०२ काका, तुमच्या बोलण्यावर रात्रभर विचार केला. हसणं ठेवते, पण शेवटपर्यंत नाही. सोंगाड्या पडला की ढोलकीची थाप पडते, लोक हसतात. दुसरी थाप, पुन्हा हशा. तिसऱ्या वेळी ढोलकीवाल्याचा हात हवेतच थांबतो. मग एकेक जण गप्प होत जातो.

सी-२०२ : आईला वाचून दाखवलं. ती जुन्नरकडची. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, हसणं राहू दे. पण सत्काराला घमेल्यात कुणी पाय धूत नाही, पितळी परात लागते. घरात तिची आहे, रविवारी तालमीला आणतो.

डी-१०४ : आणाच. पितळी परात, आत पाणी, खाली ओली माती. त्याला परातीतच उभं ठेवून बोलायला लावा.