मदत हवी आहे: श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते, मग योगसूत्र १.३४ ऐवजी काय?

पातंजल योगसूत्रांतून माझ्या चिंतेकडे बघायचा प्रयत्न चालू आहे. १.३१ (पहिल्या पादातलं ३१वं सूत्र) वाचून थक्क झाले. दुःख, दौर्मनस्य (मन खट्टू होणं), अंग थरथरणं, श्वासाची लय बिघडणं, ही चारही विक्षेपाबरोबर, म्हणजे चित्त विचलित झालं की, येतात म्हणे. मीटिंगआधी माझं अगदी हेच होतं, हात एवढे कापतात की कपातला चहा हिंदकळतो.

अडलंय उपायांपाशी. १.३४ मधलं श्वास बाहेर सोडून रोखणं करून पाहिलं. रोखलं की छातीत धस्स होतं. न रोखता नुसता श्वास बघत बसले तरी तेच. ओंकार मोठ्याने म्हटला की जरा बरं वाटतं, पण भाड्याच्या घरात रोज जमत नाही. प्रतिपक्षभावना (वितर्क, म्हणजे बाधक विचार, आले की त्यांच्या उलट विचार मनात आणणं) सगळेच सुचवतात, पण २.३४ मध्ये वितर्क म्हणजे हिंसा वगैरे असं स्पष्ट दिलंय. चिंता त्यात कशी बसवायची?

डॉक्टरांची औषधं चालू आहेत, ती चालूच राहतील, तेव्हा कृपया त्यावर सल्ला नको. संस्कृत शाळेपुरतंच येतं. लोणावळ्याला वगैरे योगसंस्थेत जाऊन राहणं सध्या शक्य नाही.

१.३३ ते १.३९ मधले उपाय 'वा'ने जोडलेत, म्हणजे विकल्प आहेत असं मी धरतेय. मग श्वास ज्याला सोसत नाही त्याला यातला कुठला उपाय आधी द्यावा, याबद्दल व्यासभाष्यात (योगसूत्रांवरच्या जुन्या संस्कृत भाष्यात) किंवा एखाद्या मराठी टीकेत काही सांगितलंय का? आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्षात १.३४ वगळून थेट १.३३ मधल्या मैत्री-करुणेच्या भावनेपासून सुरुवात करून देतं का?