प्रतिसाद: नजरेची जरब
वर कुणीतरी म्हटलंय की व्हॅम्पायरचं संमोहन म्हणजे पटकथाकाराची पळवाट. बऱ्याच सिनेमांबाबत मान्य. पण १९३१ चा 'ड्रॅक्युला' आठवा. काउंट ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीच्या डोळ्यांवर प्रकाशाचे बारीक झोत, बाकी चेहरा अंधारात, आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. तो आपल्या शत्रूला, व्हॅम्पायरचा माग काढणाऱ्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगला, नजरेने जवळ बोलावतो. म्हातारा दोन-चार पावलं ओढला जातो, थबकतो, मागे सरतो. पळवाट असती तर हा नकार दाखवलाच नसता. (वटवाघूळ मात्र दोरीला लटकवलेलं खेळणंच वाटतं!)

मूळ १८९७ च्या कादंबरीत तर डाव उलटतो. ड्रॅक्युलाने चावलेली, त्यामुळे मनाने त्याच्याशी जोडली गेलेली मीना स्वतःहून व्हॅन हेल्सिंगकडून संमोहित व्हायला तयार होते, पहाटेच्या सुमारास तिला पाणी आपटल्याचा आवाज ऐकू येतो, आणि काउंट जहाजातून पळतोय हे कळतं. बरेच सिनेमावाले हा भाग का गाळतात कोण जाणे.