मदत हवी आहे : मुलांची ने-आण आणि दिवाळीची वाटणी

मुलं ६ आणि १० वर्षांची. आई नाशिकरोडला, बाबा गंगापूर रोडला. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केलाय. मुलं आईकडे, रविवारी १० ते ६ बाबांकडे.

घोळ होतो तो मुलं सोपवताना. दारातच फी, उशीर, वकील असे विषय निघतात आणि धाकटा एक चप्पल घालून जिन्यात बसून राहतो. म्हणून आता तिऱ्हाईत जागी, पाच मिनिटांत सोपवायचं. पैशांचं बोलणं फक्त मेसेजवर. "बाबांना सांग" असले निरोप मुलांकरवी बंद. कपड्यांचे दोन जोड, टूथब्रश, रंगपेटी बाबांकडे कायमची. ये-जा फक्त धाकट्याच्या गोधडीची. कॅलेंडरवर रविवार रंगवलेत, कारण सहा वर्षांच्या पोराला "पुढच्या आठवड्यात" उमगत नाही.

द्वारका ते मुंबई नाका भागात पावसाळ्यातही बसता येईल अशी शांत जागा कुठली? मॉल नको, तिथे हट्ट सुरू होतात. लहान मुलांशी खेळातून, मराठीत बोलणारे समुपदेशक इंदिरानगरकडे कोणी आहेत का?

दिवाळीचं लक्ष्मीपूजन आईकडे, भाऊबीज बाबांकडे (आत्या तेव्हाच येते) असं दरवर्षी ठेवावं की आलटून-पालटून? संमतीच्या अटींत ते तारखांनी लिहावं की सणांच्या नावांनी? सणाची तारीख दरवर्षी सरकते, म्हणून विचारतोय.

सोमवारी मुलं चिडतात म्हणून भेटीच बंद करा, हा सल्ला कृपया नको. भेट अचानक तुटली की मूल दोष स्वतःकडे घेतं.