आफ्रिकेतला हापसा बंद पडला: दुरुस्ती कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे?

फुटव्हॉल्व्ह:
सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण चारातला एक हापसा बंद असतो. उपाय वर्षानुवर्षं तोच: गावाने समिती नेमावी, वर्गणी काढावी, दुरुस्ती करावी. माझं मत, ही पद्धत आता बंद करा. केनियात किटुई आणि क्वाले भागात ‘फुंडीफिक्स’ ही दुरुस्ती सेवा (फुंडी म्हणजे मिस्त्री) महिन्याच्या वर्गणीवर 3 दिवसांत दुरुस्तीची हमी देते. आधी हापसा आठवडेच्या आठवडे पडून राहायचा.

सामू६:
समितीला शिव्या देण्याआधी पाईप बघा. युगांडातला ‘यू-2’ म्हणजे आपला इंडिया मार्क 2, ज्याचं मूळ जालना-सोलापूरच्या हापशांत आहे. पाण्याचा सामू (पीएच) 6.5 च्या खाली असला, म्हणजे पाणी आम्लधर्मी असलं, की जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपावरचा जस्ताचा थर जातो. आट्यांपाशी पत्रा आधीच पातळ. तिथेच पाईप तुटतो आणि सिलिंडर (पाणी उचलणारा खालचा भाग) बोअरात पडतो. त्याआधी पाणी लालसर होतं, बायका परत डबक्यावर जातात.

दोष पाण्याचा की पाईपाचा, हे कळतं. सकाळी पहिल्या पाण्यातलं लोह मोजा, सलग अर्धा तास हापसून पुन्हा मोजा. बरंच उतरलं तर गंज पाईपाचा. मग स्टेनलेस किंवा पीव्हीसी घाला. हे समितीने कसं ओळखायचं? ठेकेदाराने जीआय टाकला तिथेच घात झाला.

फुटव्हॉल्व्ह:
पाईपाचं मान्य. पण वॉशर झिजायचाच. मार्क 2 मध्ये 30 मीटर खोलीवरचा वॉशर बदलायला 3 मीटरचे दहाही पाईप वर काढावे लागतात. अफ्रिडेव्ह या दुसऱ्या प्रकारच्या हापशात दट्ट्या पाईपातूनच वर येतो, एक पाना पुरतो. तरी तेही बंद दिसतात, कारण सील मिळत नाही. गावाला एखादाच हापसा, त्याला वर्षाकाठी एखादं सील. दुकानदार कशाला माल भरून ठेवेल? शंभर हापसे एकाच मिस्त्रीकडे असतील तरच सुट्या भागांचा धंदा जमतो.

नळकोंडाळं:
दोघंही पैसे गावाच्याच खिशातून काढताय! दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत पाणी हा हक्क आहे. 2001 मध्ये घरटी महिन्याला 6000 लिटर फुकट द्यायचं धोरण आलं.

सामू६:
तो हिशोब 8 माणसांचा, माणशी रोज 25 लिटर. जोहान्सबर्ग शहरातल्या सोवेटोच्या फिरी वस्तीत एकाच आवारात अनेक बिऱ्हाडं. कोटा संपला की प्रीपेड मीटर पाणी तोडणार. लोक कोर्टात गेले, 50 लिटर मागितले. 2009 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला.

नळकोंडाळं:
म्हणून हक्क सोडायचा? केनियाच्या 2010 च्या घटनेतही तो आहे, आणि पाणीपुरवठा काउंटीकडे (जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारकडे). फुंडीफिक्सचा खर्चही निव्वळ वर्गणीतून निघत नाही, ट्रस्टचा निधी लागतो. तो भार काउंटीने उचलावा.

फुटव्हॉल्व्ह:
उचलावा की! पण नव्या बोअरला फीत कापता येते, वॉशरला नाही. काउंटीचे पैसे येईपर्यंत हापसा वर्गणीवरच चालणार.