शेजारच्या काकू माफी मागायला आल्या, मी काय बोलायला हवं होतं?

प्रश्न
आमच्या शेजारच्या काकू श्वेतांबर जैन, यंदा पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपवास आणि क्षमेच्या पर्वात, त्यांनी अठ्ठाई केली म्हणजे 8 दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आतच. आज संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. रात्री प्रतिक्रमण (चुका कबूल करायचा विधी) करून आल्या आणि थेट आमची बेल वाजवली, भिंतीला धरून उभ्या होत्या. मी पाणी आणायला वळले तर म्हणाल्या, नको गं, आता सकाळीच. मग हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्, गळतीवरून तुला खूप बोलले होते". दोन वर्षं आम्ही धड बोलत नव्हतो हो, आणि मला एक शब्द सुचला नाही, नुसती मान हलवली. उद्या पारण्याला बोलावलंय. काय बोलू, काय नेऊ?

उत्तर १
तुम्हीही हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणा, बास. प्राकृत आहे, माझ्या हातून जे वाईट झालं ते निष्फळ होवो असा अर्थ. आणि तुम्हीही काही बोलला असाल तर तेही नाव घेऊन सांगा, काकूंनी गळतीचं नाव घेतलं ना तसं. मिठाई वगैरे नेऊ नका, 8 दिवस रिकाम्या पोटाला मुगाचं पाणी, राब (पिठाची पातळ पेज) असलंच चालतं. नवकारशी झाल्यावर म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पारणं होतं, त्याआधी पोचा. चमच्याने दोन घोट तुमच्या हातून दिलेत तर त्यांना फार बरं वाटेल. गेल्यावर आधी "शातेत आहात ना?" म्हणजे सुखरूप आहात ना, असं विचारा, आमच्यात तपस्व्याला असंच विचारतात.

उत्तर २
आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन, घरात मराठीच. आमचं दशलक्षण पर्व आता सुरू होतं, भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी असे 10 दिवस, पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाचा एक अध्याय वाचतात, पर्व संपलं की क्षमावाणी, म्हणजे एकमेकांची माफी मागायचा दिवस. बांधावरून आजोबांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बोलणं बंद होतं, एका क्षमावाणीला आजोबा चालत त्यांच्या वाड्यावर गेले आणि चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, आत या म्हणेपर्यंत. मी तेव्हा आजोबांसोबत होतो. हल्ली एकच मेसेज दोनशे जणांना जातो आणि ज्याच्याशी खरं वाकडं आहे तो राहूनच जातो, मला ते पटत नाही. तुमच्या काकू दारात आल्या, तुम्ही उद्या जाच.

प्रश्नकर्ती
दोघांनाही धन्यवाद. मीपण तेव्हा त्यांच्या सुनेसमोर काहीबाही बोलले होते, ते सांगणार आहे. सहाचा अलार्म लावलाय.